मागच्या दारानं वाडा: नागभीडकडची एक वाडा-फेरी

भुतांच्या गोष्टी ऐकायला जाणार असाल तर या फेरीला जाऊ नका. इथं धानाच्या कोठ्या आहेत, वटवाघळं आहेत, वेशीसारख्या दरवाज्यावर आग्या मोहोळ आहे आणि अडीच-तीन तास चालायची, ऐकायची तयारी लागते. ती असेल तर जरूर जा. जमलं तर घरातलं सत्तरीच्या पुढचं माणूस सोबत न्या. मी आईला नेलं होतं आणि निम्मी फेरी मला तिच्यामुळे कळली.

ठिकाण नागभीडच्या पुढे, ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की. नागपूरहून उमरेड-भिवापूर करत गेलो, गाडीनं अडीच तास लागले. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण फेरी नेणाऱ्या पोरांनी हात जोडून तशी विनंती केली. त्या वाड्यात गुप्तधनासाठी तीनदा खोदलंय. माजघरातली फरशी उचकटून कंबरभर खड्डा करून ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला. देवघराचा कोनाडासुद्धा फोडला. गाव नकाशावर टाकलं की रात्रीची माणसं येतात, असं पोरं सांगतात. ज्यांना खरोखर जायचंय त्यांनी मला विचारावं, मी त्यांचा नंबर देईन.

फेरी चालवणारी गावातलीच पाच-सहा मुलं-मुली आहेत. वाड्याच्या मालकांचे वारस नागपूर, पुणे आणि कुठं कुठं पांगलेत. त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतलेली आहे, ती विचारली तर दाखवतात. माणशी ३०० रुपये, जेवणासकट. दहा वर्षांखालच्या मुलांचे १५०. एका वेळी बाराच माणसं घेतात. दिवाळीनंतर सुरू होतं ते मार्चअखेरपर्यंत, फक्त शनिवार-रविवार. जमलेल्या पैशातले अर्धे छपराचे कवेलू (कौलं) आणि बांबूसाठी बाजूला काढतात. त्यातून पुढच्या ओसरीचं छप्पर यंदा नीट झालंय, ते नवं-जुनं कवेलू शेजारी शेजारी दिसतं.

मी तुलना करू शकते, कारण दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका सहल कंपनीबरोबर असाच दुसरा एक ओसाड वाडा पाहिला होता. माणशी १,२०० रुपये घेतले, रात्री आठला नेलं, हातात बॅटऱ्या दिल्या आणि कुठल्याशा विधवा सुनेची गोष्ट ऐकवली. ती गोष्ट त्यांनीच रचलेली होती हे शेजारच्या घरच्या बाईनं मला सांगितलं. त्या घरात कुणी सून तशी मेलीच नव्हती. बरोबरच्या पोरांनी सागवानी खांबावर किल्लीनं बदाम कोरले आणि नेणारा बघत उभा राहिला. मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काढली. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये एवढं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्या रात्री मला कुणाचं तरी घर उघडून वाचल्यासारखं वाटलं आणि मी जेवण न करता परत आले.

म्हणून या वेळी मी साशंक होते. फाल्गुनातली सकाळ होती, साडेसातला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता आणि मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नागभीडचं स्टेशन दिसल्याबरोबर तिनं छोट्या रेल्वेची आठवण काढली. ती नॅरोगेज गाडी २०१९ला बंद झाली, पुढे तिथं मोठ्या लाइनीचं काम निघालं. आईचं माहेर इथून दहा कोसांवर. तिचे वडील एका मालगुजाराकडे, म्हणजे गावाच्या मालकाकडे, सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) होते. तो वाडा वेगळा, तो आता पडून सपाट झालाय. पण वाडा म्हटलं की आमच्या घरी जो विषय निघतो तो त्याच वाड्याचा.

फेरी वाड्यापासून सुरू होत नाही, तलावापासून होते. हे मला पहिल्यांदा खटकलं आणि नंतर फार पटलं. वाट दाखवणारा मुलगा पंचवीसेक वर्षांचा, एम.ए. करतोय. त्यानं आम्हाला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं केलं आणि आधी तुडुम दाखवलं. तलावातलं पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, सोडायची ती जागा. मग सांडवा, मग पाट. पाणी कुठून येतं, कुणाच्या बांधीत आधी जातं, शेवटच्या बांधीला किती दिवसांनी मिळतं, हे त्यानं काठीनं मातीत रेघा ओढून सांगितलं. पूर्व विदर्भातले असे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधले. म्हणजे बहुतेक ठिकाणी तलाव आधीचा आणि वाडा नंतरचा. मुलगा म्हणाला, "वाडा या पान्यावर उभा हाय जी. पानी नसतं तं धान नसतं, धान नसतं तं वाडा कायचा?"

मालगुजार म्हणजे कोण, हेही त्यानं तिथंच सांगितलं. भोसल्यांचं नागपूर राज्य इंग्रजांनी १८५४ला खालसा केलं. त्यानंतरच्या जमाबंदीत गावाचा सारा भरणाऱ्या या लोकांना गावावर मालकी हक्क मिळाले. गावाचे सोळा आणे धरायचे. कुणी आठ आण्यांचा मालगुजार, कुणी चार आण्यांचा, ज्याच्याकडे अख्खं गाव तो सोळा आण्यांचा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून तिकडचे वाडे देशमुख-पाटलांचे आणि इकडचे मालगुजारांचे. हा फरक नागपुरात राहून मलाही धड माहीत नव्हता. ३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले. तेच आपले मामा तलाव. लहान तलाव आता जिल्हा परिषदेकडे आहेत. या तलावाचा अर्धा भाग बेशरमच्या झुडपांनी भरलाय. ढिवरांची दोन माणसं उरलेल्या पाण्यात जाळं लावत होती.

तिथून गावातून चालत वाड्यापर्यंत दहा मिनिटं. पुढचा दरवाजा बघण्यासारखा आहे. खाली दगडी चौथरा, वर विटा आणि चुना, सागवानी कवाडं, त्यावर मुठीएवढे लोखंडी खिळे. एका कवाडात दिंडी दरवाजा, वाकून आत जायचं. वर कमानीत आग्या मोहोळ लोंबतंय. त्यामुळे अत्तर लावून येऊ नका, तिथं बिडी-सिगरेट पेटवू नका असं आदल्या दिवशी फोनवरच सांगतात आणि तिथं उभं राहून जोरात बोलूही देत नाहीत.

सगळे वाकून आत जायला लागले आणि आई थांबली. मला वाटलं गुडघा दुखत असेल. मुलानं विचारलं, "काय झालं आजी?"

आई म्हणाली, "बापू, मांगून रस्ता नाही का? पुढून तं काहीच दिसत नाही. काम सारं मांगं राहे."

तो मुलगा दोन क्षण बघत राहिला. मग त्यानं बाकीच्या माणसांना विचारलं, चालेल का, आणि अख्खी फेरी वळवून मागच्या बोळातून नेली. एवढ्याचसाठी मी त्या पोराला पूर्ण गुण देते. पाठ केलेलं बाजूला ठेवून ऐकणारा वाटाड्या मला आजवर भेटला नव्हता.

मागचं अंगण मोठं आहे, पुढच्या चौकाच्या दुप्पट तरी. डाव्या हाताला बैलांचा कोठा, त्याच्या गव्हाणी अजून शाबूत. मधे विहीर. विहिरीच्या काठच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा आहेत, माझं अख्खं बोट आडवं बसलं त्यात. एका कोपऱ्यात रेंगीचं, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाडीचं, एकच चाक भिंतीला टेकवून ठेवलंय. मालगुजाराच्या घरची माणसं लग्नाकार्याला रेंगीनं जात, धान बंडीनं जाई. आणि विहिरीच्या पलीकडे धानाच्या कोठ्या, ओळीनं चार.

या कोठ्यांपाशी आम्ही पाऊण तास होतो. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड. आत शिरायला जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर एक झरोका आहे, त्यातून धान ओतायचं. आणि खाली, अगदी जमिनीलगत, वीतभर रुंदीचं एक गोल भोक आहे. ते सागवानी चौकटीत बसवलेलं. मुलगा म्हणाला की हे हवा खेळायला ठेवलेलं असावं.

आई तिथं खाली बसली. नेसूचा पदर खोचला आणि भोकाच्या समोर मांडी घालून बसली. म्हणाली, "हवेचं नाही बाप्पा. इथून धान काढत. याले लाकडाचा गुट्टा राहे. गुट्टा काढला का धान आपोआप सुपात येते. सूप भरलं का गुट्टा लावाचा." तिनं चौकटीच्या खालच्या कडेवर हात फिरवला. मी वाकून पाहिलं. ती कड मधोमध खोलगट झालीये, चमच्यासारखी, आणि तिथलं लाकूड काळं गुळगुळीत आहे. वरची कड मात्र सरळ आणि खरखरीत. वर्षानुवर्षं त्यावरून धान घसरत गेलं आणि बायांच्या हातांची मनगटं घासली. हवेसाठीच्या भोकाची फक्त खालचीच कड कशाला झिजेल?

मुलानं खिशातून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "आजी, मोजत कसे?" आईनं मोजून दाखवलं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. भिंतीवर चुन्याच्या उभ्या रेघांचे गठ्ठे आहेत, पुसट झालेले. मुलाला ती मोजणी असणार हे माहीत होतं, पण कोण मोजत होतं आणि कुणासाठी, ते आईनं सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं सरलं की माणसं वाड्यावर धान मागायला येत. सवाईनं नेलं तर पिकाला चार पायल्यांच्या पाच द्यायच्या, दिढीनं नेलं तर चाराच्या सहा. "आमच्या बाबानं दिढीनं नेलं होतं एका वर्षी," ती म्हणाली, "तं मंग दोन साल फिटलं नाही." कुणी काही बोललं नाही. मुलानं तेही लिहिलं.

माझी आजी अशाच एका वाड्याचं अंगण शेणानं सारवायची. वाड्याच्या पुढच्या ओसरीवर तिनं पाय ठेवल्याचं आईला आठवत नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण अशा अंगणाची लांबी-रुंदी मला कधी कळली नव्हती. मी पावलं टाकून मोजलं, लांबीला त्रेचाळीस भरली. एका बाईनं, वाकून, दर सणाला.

नंतर आतून पुढे गेलो. माजघर अंधारं आहे, तिथं तो गुप्तधनाचा खड्डा. त्याच्याभोवती दोरी बांधलीये, मुलं जवळ जाऊ देत नाहीत. पुढच्या ओसरीवर बंगईचे (झोपाळ्याचे) चार लोखंडी आकडे तुळईला आहेत. बंगई केव्हाच गेली. कचेरीच्या खोलीत मला माझ्या ओळखीची एक वस्तू सापडली. भिंतीत कागद टोचून ठेवायची वाकडी तार. आमच्या जुन्या टपाल कार्यालयात मनिऑर्डरच्या पावत्या अशाच तारेला असायच्या. तारेवर आता कागद नाही, बुडाशी फक्त गंजाचा पिवळा गोल डाग उरलाय. माडी बंद ठेवलीये आणि ती बंदच ठेवावी. तिच्या पाट्या उधईनं (वाळवीनं) खाल्ल्यात.

वाडा पडतो कसा, हे या पोरांनी फार नीट दाखवलं. कवेलू दरसाल पावसाळ्याआधी फेरावे, म्हणजे उतरवून पुन्हा लावावे लागतात. वानरं उड्या मारून फोडतात ते बदलावे लागतात. दोन वर्षं कुणी फेरले नाहीत की पाणी आधी बांबूत जातं, मग छपराच्या लाकडी फाट्यांत, मग उधई लागते. छप्पर खाली बसलं की पांढऱ्या मातीची भिंत उघडी पडते आणि ती मग पावसात विरघळतेच. एकाच घरात तिन्ही पायऱ्या बघायला मिळतात: नीट केलेली ओसरी, गळणारं माजघर आणि मातीचा ढीग झालेली पूर्वेची बाजू. मालगुजारी गेल्यावरही घरची सीर जमीन मालकांकडे राहिली होती. पुढे १९६१चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, वाटण्या झाल्या, मुलं शिकायला नागपूरला गेली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून पणजोबांचंच नाव आहे. सगळे वारस एका ठिकाणी बसून सही करत नाहीत तोवर कुणी एक कवेलूही हक्कानं बदलू शकत नाही. म्हणून त्या लेखी परवानगीचं महत्त्व. ती मिळवायला पोरांना दीड वर्ष लागलं.

आता उणिवा. बायांसाठी सोय नाही. शाळेतलं एक शौचालय आहे, त्याला रविवारी कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते शेतावर गेलेले. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी फोनवर पक्कं करून घ्यावं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ३०० रुपये घेता तर ही पहिली जबाबदारी आहे. पावती देत नाहीत, ती द्यायला हवी. वाड्याच्या नावावर पैसे जमतात तर हिशेब कागदावर दिसला पाहिजे. दरवाज्यापाशी त्यांनी 'राजवाडा' अशी पाटी लावलीये, ती काढावी. इथं राजा कधी राहिला नाही. खांबांचं सागवान ब्रह्मदेशातून आणलं असंही सांगतात. आलापल्लीचं सागवानाचं जंगल आपल्याच अंगणात असताना एवढ्या लांबून कोण आणेल? २०२३ला अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान आपल्या बल्लारपुराहूनच गेलं. पुरावा असेल तर सांगावं, नसेल तर ते वाक्य गाळावं. आणि तलावाच्या पाळीवर सावली नाही, टोपी किंवा दुपट्टा लागतोच.

जेवण तासभर उशिरा आलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांपैकी एकीच्या घरी, छपरीत बसून, पळसाच्या पत्रावळीवर. भात, लाखोरीचे वडे, वांग्याचं भरीत, टमाटरची चटणी आणि वरून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. वडे बाहेरून कडक आणि आतून दाणेदार होते, डाळ पाट्यावर वाटलेली कळत होती. भात एचएमटीचा. हा तांदूळ याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यातल्या बांधीत निवडून काढला आणि नाव पडलं ते त्या वेळच्या एचएमटी घड्याळावरून. ते २०१८ला गेले. फेरीतल्या एका मुलीनं वाढता वाढता हे सांगितलं. वाड्याच्या गोष्टीत धान पिकवणाऱ्याचं नाव येतं हे मला आवडलं. आई मात्र म्हणाली की जुन्या लुचई तांदळाची चव याला नाही, आणि तरी दोनदा भात घेतला.

घरी न्यायला पाच किलोच्या पिशव्या ठेवतात, भाव नागपूरच्या दुकानापेक्षा कमी. मी दोन आणल्या. एका पिशवीत खडे निघाले नाहीत, दुसरी अजून उघडायचीय.

निघताना त्या मुलानं आईला विचारलं की पुढच्या फेऱ्या मागच्या दारानंच सुरू केल्या तर चालेल का. तिची परवानगी मागितल्यासारखं विचारलं. त्यानं असंही सांगितलं की कोठीच्या त्या भोकापुढे एक गुट्टा करून बसवतो, सुताराला माप देतो, आणि थोडं धान आत ठेवून लोकांना काढायला लावतो. सूप म्हणून सध्या त्यांनी तिथं प्लॅस्टिकचं ठेवलंय.

परवा त्याचा फोन आला होता, गुट्टा तयार झालाय. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "ते पलाष्टिकचं काढून टाक. सूप मी घरून आणतो."